आई जिवंत असताना

बाईसाहेबांनी छडीच्या टोकानं माझा परकर वर उचलला.

"हा घोटा बघा," त्या पाहुण्यांना म्हणाल्या. "हिच्या आईनं हिला गुरासारखं बांधून ठेवलं होतं. डाग अजून गेला नाही."

मी चौरंगावर उभी होते. आठ वर्षांची. माझ्या मागं आश्रमाच्या वीस-बावीस मुली, सगळ्यांचे परकर एकाच निळ्या कापडाचे. समोर खुर्च्यांवर इंदुराहून आलेले पाहुणे. जरीच्या पागोट्यांचे दोघे-तिघे, शालू नेसलेल्या बायका. एक बाई "शिव शिव" म्हणाली. एका गृहस्थानं चष्मा पुसला, खाली वाकला, आणि बाजारात जनावराचा खूर बघतात तसा माझा पाय बघितला.

मग मी पाठ केलेलं बोलले. "आम्ही अनाथ आहोत. या जगात आमचं कोणी नाही. आपण थोरांनी आम्हाला आश्रय दिला."

खणखणीत आवाजात बोलले. टाळ्या पडल्या. मला लाडू मिळाला. मी तो खाल्ला.

त्या घटकेला माझी आई जिवंत होती. त्याच धार गावात, आश्रमापासून अर्ध्या कोसावर. हे बाईसाहेबांना ठाऊक होतं. मी मात्र मला आई नाही असंच धरून चालले होते.

आम्ही कोण ते आधी सांगते. आमचे पणजे-खापरपणजे फौजेबरोबर देशावरून माळव्यात आले. लढणारे म्हणून नाही, घोड्यांमागं आले. खरारा करायचा, चंदी घालायची, लीद उपसायची. पिढ्यानपिढ्या तेच. माझा बा घोड्याच्या नुसत्या चालीवरून सांगायचा, कोणता पाय दुखतोय ते. मग संवत छप्पनचा मोठा दुष्काळ पडला. माणसांना दाणा नाही तिथं घोड्याला कुठला? निम्मी पागा विकली. घोडे गेले, त्यांच्यामागची माणसंही गेली. बा मांडूच्या रस्त्यावर खडी फोडायला लागला. एक दिवस दगडाची कपची उडाली आणि त्याचा डावा डोळा गेला. एका डोळ्याच्या माणसाला मुकादम कामावर घेईना. बा कुक्षीकडं गेला. तिथं गाडीवानाचं काम मिळतं असं कुणी सांगितलं होतं. महिन्या-दोन महिन्यांनी यायचा, चार दिवस राहायचा, परत जायचा.

आई दळण दळायची. पहाटे उठून एका घरचं, दुपारी दुसऱ्या घरचं. दुपारचं घर बाईसाहेबांचं होतं. त्यांचे यजमान संस्थानात मोठ्या हुद्द्यावर. घरात माणसं पुष्कळ, पाहुणा रोजचा. मागच्या पडवीत जातं होतं, तिथं बसून आई दिवसाला दोन-दोन पायली दळायची.

आम्ही दोघी बहिणी. मी सहा वर्षांची, ठकी दीड-दोनची. आमची खोली तळ्याला लागून होती. त्या वर्षी शेजारच्या कुंभारणीचं पोर तळ्यात बुडालं. नुकतं चालायला लागलेलं होतं. दुपारी दिसेना झालं, संध्याकाळी वर आलं. आईनं ते बघितलं. दुसऱ्या दिवशी तिनं बाईसाहेबांना विचारलं. मी तिच्याबरोबर गेले होते, म्हणून मला शब्द आठवतात.

"बाईसाहेब, पोरींना संगं आणू का? पडवीच्या कोपऱ्यात बसतील. आवाज नाही करायच्या."

"नको बाई. पोरं पिठात हात घालतात. आणि ही तुझी धाकटी, नाक बघ तिचं."

आई बरं म्हणाली. घरी आली. जुन्या लुगड्याची मऊ पट्टी फाडली आणि ठकीच्या कमरेला बांधली. दुसरं टोक खाटेच्या पायाला. पट्टी एवढी लांब की ठकी खोलीभर फिरायची, पण उंबऱ्याच्या बाहेर जाऊ शकायची नाही. मला बांधलं नव्हतं. मी शेण गोळा करायला जायचे, अधूनमधून येऊन तिला बघायचे.

असे दोन महिने गेले असतील.

एक दिवस दुपारी दारात सावली पडली. बाईसाहेब. त्यांच्याबरोबर हातात वही घेतलेला एक गृहस्थ आणि एक शिपाई. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या पोरांसाठी गावात आश्रम निघाला होता. मोठ्या लोकांची कमिटी होती आणि कमिटीत बाईसाहेब होत्या. उघड्यावरची पोरं केव्हाच संपली होती. काही मेली, काहींना नातेवाइकांनी नेलं. आश्रमाची इमारत मात्र मोठी बांधली होती. हे सगळं मला पुढं कळलं. तेव्हा मला फक्त बाईसाहेबांच्या हातातला गुळाचा खडा दिसला.

"हिला कुणी बांधलं?" त्यांनी मला विचारलं.

"आईनं."

"आई मारते का?"

"मारते."

कोणत्या पोराची आई मारत नाही?

"आज काय खाल्लंस?"

"काही नाही."

"आणि काल?"

"राबडी."

मक्याची राबडी. चांगली घट्ट होती, वर ताक होतं. ते मी सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं नाही. मी गूळ चघळत होते. गोड लागत होता. वहीवाला लिहीत होता.

त्या वेळी माझी आई कुठं होती? बाईसाहेबांच्याच पडवीत. त्यांच्याच घरचे गहू दळत होती. त्या तिला तिथं बसवून, जातं फिरतंय याची खात्री करून आमच्या घरी आल्या होत्या.

शेजारणीनं जाऊन सांगितलं तशी आई धावत आली. कोपरापर्यंत पीठ. डोक्यावरचा पदर गळालेला.

"बाईसाहेब, मी तुमच्याकडंच होते ना!"

"मग? पोरींना असं टाकून ये असं मी सांगितलं होतं?"

"आणू का म्हणून विचारलं होतं मी. तुम्हीच नको म्हणालात."

बाईसाहेब तिच्याशी बोलल्याच नाहीत. वहीवाल्याकडं वळल्या. "लिहून घ्या. उलट उत्तरं करते. नवरा परागंदा."

"परागंदा नाही, कुक्षीला कामाला—"

"आहे का इथं? नाही ना? मग झालं."

मग त्यांचा आवाज मऊ झाला. त्या मऊ आवाजाची मला आजही भीती वाटते. "अगं, दोन महिन्यांपुरतंच. पोरी अंगानं भरल्या की घेऊन जा. तुझ्याच भल्याचं आहे. अंगठा कर इथं."

शिपाई दारात उभा होता. आईनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्या तोंडातल्या गुळाकडं. मग अंगठा केला.

दुसऱ्या दिवसापासून तिला त्या घरी दळणही मिळालं नाही. पोरींना बांधून ठेवणाऱ्या बाईच्या हातचं पीठ नको म्हणाल्या.

आश्रमात पहिल्या दिवशी आमचे केस काढले. मग अंगावरचे दागिने काढायचे, असा नियम. दागिने कसले? माझ्या पायात काशाचे वाळे होते, जन्माच्या वेळी आजीनं घातलेले. पाय वाढला होता, ते निघेनात. डावा साबण लावून निघाला. उजवा अडकला. मग कानस आणली आणि वाळा घासून तोडला. एकानं पाय धरला, दुसऱ्यानं घासलं. कानस घसरली. घोटा फाटला, मग पिकला. पंधरा दिवस मला पाय टेकवता येत नव्हता.

तोच डाग. पाहुण्यांना दाखवायचा डाग. दोरीचा म्हणून.

पहिल्यांदा बाईसाहेबांनी तो दोरीचा म्हणून सांगितला तेव्हा मला वाटलं, त्या चुकल्या. दुसऱ्यांदा वाटलं, त्या विसरल्या. तिसऱ्यांदा कळलं. पण तोपर्यंत मला लाडवाची सवय झाली होती.

खोटं कशाला बोलू, तिथं पोटभर मिळायचं. दोन वेळा भाकरी, आठवड्यातून एकदा गोड. मी अंगानं भरले. अक्षरओळख झाली. आणि रोज रात्री अंथरुणात दोन महिन्यांचे दिवस मोजायचे. दोन महिने झाले. चार झाले. मी आश्रमाच्या मावशींना विचारलं, आई कधी येणार?

"तुझ्या आईनं तुम्हाला लिहून दिलंय," त्या म्हणाल्या. "आता कशाला येईल ती?"

मला पटलं. आईनं अंगठा केलेला मी डोळ्यांनी बघितला होता ना! त्या दिवसापासून मी तिच्यावर चिडले. ती चीड मी पाच वर्षं जपली. आईचं नाव कुणी काढलं की मी म्हणायचे, "मला आई नाही." हे म्हणायला मला कुणी शिकवलं नव्हतं. हे माझं होतं.

दुसऱ्या वर्षी देवासचं एक जोडपं आलं. मूलबाळ नव्हतं. त्यांनी ठकीला निवडलं. मुलगी म्हणून वाढवू म्हणाले. नवा परकर नेसवला, ओटी भरली, टांग्यात बसवलं. मी हात हलवला. ती रडत होती, पण मला वाटलं, बरं झालं, हिला तरी आई मिळाली.

आश्रमात पाणी भरायला केसरबई यायची. माळव्यातलीच, मराठी थोडी कळायची, बोलायची नाही. मी बारा वर्षांची असेन. विहिरीवर आम्ही दोघीच होतो. मी कशावरून तरी म्हटलं, मला आई नाही. तिनं दोर हातातच धरला आणि माझ्याकडं बघत राहिली.

"थारी बई मरी नी हे, छोरी," ती म्हणाली. "हर हाट का दन फाटक पे ऊबी रे हे. ये लोग पाछी काड दे हे."

आई मेलेली नाही. बाजाराच्या दर दिवशी. फाटकावर. आणि हे लोक तिला परत हाकलतात.

मी विचारलं, किती दिवसांपासून?

केसरबईनं बोटांवर मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. म्हणाली, ती इथं कामाला लागली त्याच्या आधीपासून. बासुद्धा यायचा. त्याला पहारेकऱ्यानं सांगितलं, कागदावर बाप परागंदा आहे, मग तू कोण?

मी कळशी तिथंच ठेवली. रडू आलं नाही. ज्या आईवर मी पाच वर्षं डूख धरला, ती भिंतीपलीकडं उभी होती. आणि मी अलीकडं लाडू खात होते.

पुढचा पाहुण्यांचा दिवस नेमका बाजाराच्या दिवशी आला. मला चौरंगावर उभं केलं. बाईसाहेबांनी छडी उचलली. "हा घोटा बघा—"

मी परकर हातानं खाली दाबला.

"खोटं आहे," मी म्हटलं. "हा डाग दोरीचा नाही. इथल्या कानशीचा आहे. मला कुणी बांधलं नव्हतं. माझी आई जिवंत आहे. दर बाजाराला फाटकावर येते. आजही असेल. जाऊन बघा."

पाहुण्यांत एक वकील होते, दोन शाळामास्तर होते, देवळाला दिवे लावणाऱ्या बायका होत्या. फाटक तिथून पन्नास पावलांवर. एकही उठला नाही. एकानं सरबताचा पेला उचलला. एका बाईनं शेजारणीला विचारलं, "किती वाजले हो?"

मग मीच चौरंगावरून उतरले आणि फाटकाकडं चालत गेले. सगळ्यांच्या देखत. पहारेकरी बाजूला झाला. मी बाहेर बघितलं.

कुणी नव्हतं.

रस्ता मोकळा. एक बैलगाडी, दोन कुत्री. आई नव्हती.

मागून बाईसाहेबांचा आवाज आला. मऊ. "कुठं आहे ग तुझी आई?"

पाहुण्यांपैकी कुणीतरी हसलं. त्या क्षणी मला परत फिरता आलं असतं. पाया पडले असते, तर त्यांनी ठेवूनही घेतलं असतं. जेवण होतं, छप्पर होतं, पुढं लग्नसुद्धा लावून दिलं असतं. मी फाटकाबाहेर पाऊल टाकलं. अडवलं कुणीच नाही. त्यांचं माझ्याकडचं काम संपलं होतं. बारा वर्षांची पोर दाखवून कुणाचं मन पाघळत नाही, त्यांना लहान लागतात.

केसरबईनं खोली दाखवली. जुनी धर्मशाळा होती, तिच्या मागं. आई तापानं पडली होती. बा जाऊन सव्वा महिना झाला होता. कुक्षीहून येताना वाटेत हिवताप भरला आणि तो घरापर्यंत पोहोचलाच नाही.

आईनं डोळे उघडले. मला वाटलं होतं, ती मला कवटाळील. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, माझ्या मागं दाराकडं बघितलं आणि विचारलं, "धाकटी कुठाय?"

मग मी सगळं सांगितलं. देवासचं. टांग्याचं. हात हलवल्याचं. आणि गुळाचंही. "आई, मीच सांगितलं त्यांना. तू बांधतेस म्हणून. मारतेस म्हणून. खायला नाही म्हणून."

आई उठून बसली. मग म्हणाली, "खोटं नाही बोललीस. बांधत होतेच मी. पण का बांधते, हे कुणी विचारलं का तुला?"

"नाही."

"मलाही नाही."

ती चालायला लागली तशा आम्ही देवासला निघालो. कुठं पायी, कुठं कुणाच्या गाडीत. टेकडीच्या पायथ्याशी ते घर सापडलं. ओटा सारवलेला, दारात तुळस. अंगणात एक मुलगी भांडी घासत होती. सात-आठ वर्षांची. कडेवर एक गुबगुबीत पोर. ठकीला नेल्यावर दोन वर्षांनी त्या घरात मुलगा झाला होता. मग मुलीची मोलकरीण व्हायला वेळ लागला नाही.

"ठके," आईनं हाक मारली.

तिनं वर बघितलं नाही. नाव बदललेलं होतं.

घरमालक बाहेर आले. सभ्य माणूस. ओरडले नाहीत. आम्हाला पाणी दिलं. आतून कागद आणला आणि माझ्या आईसमोर वाचून दाखवला. "मुलीस आईबाप नाहीत."

"मी तिची आई," आई म्हणाली.

"असाल बाई. पण कागदात नाही."

मला वाचता येत होतं. मी कागद हातात मागितला. तसंच लिहिलं होतं. सुंदर अक्षर, एक काना-मात्रा चुकली नव्हती. खाली बाईसाहेबांची सही.

"गंगे, आत जा," ते म्हणाले. माझी बहीण उठली, पोर सावरलं, आणि आत गेली. जाताना तिनं आईकडं बघितलं. कुणीही अनोळखी भिकारणीकडं बघतं तसं.

आम्ही देवासातच राहिलो. तिथून ती दिसेल म्हणून. आई पुन्हा दळायला लागली. रोज त्या वाटेनं जायची, घर आलं की चाल मंद करायची. अशी तीन वर्षं. मग ठकीचं लग्न लावून दिलं. कुठं दिली, ते सांगितलं नाही. त्या पावसाळ्यात आई गेली.

हे होऊन बरीच वर्षं झाली. मी इथंच आहे. लोकांची पत्रं, अर्ज लिहून देते. दळायला, खडी फोडायला, विटा वाहायला जाणाऱ्या बायका पोरं माझ्याकडं ठेवून जातात. कधी सात असतात, कधी अकरा. खोलीत पाय ठेवायला जागा नसते. देतील ते घेते, न देतील त्यांचंही पोर घेते.

मागच्या आठवड्यात एक तरुण गृहस्थ आले. शिकलेले, नम्र. मला "ताई" म्हणाले. देवासातही तसाच आश्रम निघतोय. घरोघरी जाऊन हाल होणारी मुलं शोधायची आहेत.

"ताई, तुम्ही स्वतः आश्रमात वाढलेल्या. तुम्ही बरोबर असलात तर आया विश्वास ठेवतील. पगार देऊ."

मी विचारलं, "आई कामाला जाते तेव्हा पोर कुठं ठेवायचं, याची काही सोय करणार आहात?"

ते गोंधळले. "ते आमच्या कामात येत नाही."

"मग निघा आता," मी म्हटलं.

"विचार करा ताई. पोरांचं कल्याण—"

"विचार झालाय. माझ्या तोंडानं कुठलीही आई फसणार नाही. आणि लक्षात ठेवा. तुम्ही ज्या घरात पोर उचलायला जाल, तिथं मी तुमच्या आधी पोहोचलेली असेन. त्या आईच्या शेजारी बसलेली. आधी माझ्याशी बोलावं लागेल."

ते गेले. परत येतील, हे मला माहीत आहे. मऊ बोलणारी माणसं परत येतातच.

येऊ देत. मी इथून हलणार नाही.